मनगट बघणारे बबनआबा

आमच्या शेजारच्या बबनआबांकडं कधी गेलात, तर पाण्याचा तांब्या जपून उचला. तुम्हाला वाटेल, काय माणुसकी, दारात पाय टाकला की पाणी! माणुसकी कसली, परीक्षा असते ती. तांब्या काठोकाठ भरलेला, चांगला जड. तुम्ही तो कोणत्या हातानं धरता, अंगठा कुठं ठेवता, उचलताना तोंड वाकडं होतं का, सगळं आबा मिशीआडून टिपत असतात. तुमचा घोट संपायच्या आत निकाल लागतो.

"मनगट लचकलंय. कधीपास्नं?"

मलाही एकदा असंच धरलं. मी डाव्या हातानं तांब्या उचलला, तर म्हणाले, "मालनबाई, उजवा हात काम दीना जणू."

म्हटलं, "आवं आबा, उजव्या हातात मिश्री हाय!"

तरी खात्री पटेना. मिश्री टाकायला लावली, मूठ आवळून दाखवायला लावली, तेव्हा कुठं सुटका झाली.

तसं आबांचं बोलणं हवेतलं नसतं बरं. पिंपळीत ऊस आणि दोन म्हशी सांभाळायच्या आधी ते बारामतीत एका हाडांच्या डॉक्टरांकडं पट्ट्या बांधायला होते. त्यांचा हिशेब साधा. "हात तुझा तू हालवला की दुखतो, अन् मी हालवला की न्हाय दुखत, तर मांस ताणलंय. मी हालवला तरी वराडतोस, तर सांधा मुरगळलाय. अन् हाडावर एका जागी बोट ठिवू दीना झालास, तर माझ्याकडं कशाला आलास? जा बारामतीला, एक्सरे काढ."

चोळण्याचा त्यांना भारी राग. दुधाचं गाव आमचं, धारा काढून काढून कुणाचं ना कुणाचं मनगट धरलेलं असतंच, आणि घरात कुणीतरी गरम तेलाची वाटी घेऊन बसलेलंच असतं. कानावर आलं की आबा निघाले तरातरा. "चोळू नगा! सुजलाय त्यो हात, कणीक न्हाय ती!" मग फडक्यात गुंडाळून बर्फ, वरून बँडेजपट्टी, गळ्यात जुन्या लुगड्याची झोळी, हात छातीच्या वर. पट्टी बांधली की बोटाचं नख दाबून बघायचं. दाबलेल्या जागी लाली लगेच परतली तर ठीक, नाहीतर सोडून पुन्हा बांधायची. आणि जाता जाता सासूला दम: "ही पोर आता धार काढणार न्हाय. तुमी काढा." आमच्या आळीतल्या सुना आबांना एवढं का मानतात, ते कळलं ना?

त्यांची बायको कौसल्या, माझी मैत्रीण. नातू झाला तेव्हा त्याला सांभाळायला म्हणून पुण्याला गेली, ती तिकडंच अडकली. मुलगा-सून दोघंही नोकरीला, करणार काय! आबा इथं म्हशींपाशी. आता या वयात बायकोवाचून करमत नाही, असं गडीमाणूस सांगणार कुणाला? सांगितलं तर गाव फिदीफिदी हसायचं. ते आपले रोज दिवेलागणीला मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून बसायचे आणि म्हणायचे, "नातू बघतोय." नातू निजलेला असला तरी बघतच बसायचे.

एकदा मी दही द्यायला गेले, तर असंच बोलणं चाललेलं. कौसल्यानं बाळ उचलून फोनपुढं धरलं, आणि आबा एकदम ओरडले, "थांब! कोपरानं का उचलतीयास त्याला?"

"काय न्हाय, आवं."

"अंगठा मुठीत घे. आता मूठ करंगळीकडं वाकव."

तिनं वाकवली, आणि "आई गं!" तोंडातनं निसटलंच.

"बाळ उचलून उचलून अंगठ्याची शीर सुजलीया. आरं पोरा, इसावा पायजे तुझ्या आईला. हिकडं आणून सोड."

मुलगा मागून म्हणाला, "आबा, तिकडं बसून कसं कळतंय तुमाला?"

गावात तर नुसता हशा. दूध घालायला गेलं की एकच विषय. "आबाचं औषध लय भारी, म्हातारी घरी आणा म्हंत्यात!" आबा कानापर्यंत लाल. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या, काही दिवस बाळ उचलायचं नाही. मग सुनेची आई बाळापाशी येऊन राहिली आणि कौसल्या घरी आली.

ते दिवस काय सांगू! आबा स्वतः भाकरी थापायचे, कुठूनही बघा, गोल म्हणून नाही. कौसल्या उशीवर हात ठेवून राणीसारखी बसलेली.

"आवं, करपली!"

"करपू दी. तू हात खाली घिऊ नगंस."

सकाळी पट्टी सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची. एवढं काही बघावं लागत नाही, मलासुद्धा कळतं आता. पण मी कशाला बोलतेय!

मग एक दिवस मुलगा गाडी घेऊन आला. सुनेच्या आईला घरी परतायचं होतं. पोरगा समजूतदार. म्हणाला, "आबा, तुमी सांगाल तसं. हात बरा नसंल तर आई ऱ्हाऊ द्या हितं. बाळाला पाळणाघरात ठिवू."

म्हणजे सगळं आबांच्या जिभेवर आलं. मी ओट्यावरच बसले होते. मनात म्हटलं, आबा, एवढं एकदा खोटं बोला.

आबांनी तिचा हात हातात घेतला. अंगठा मुठीत घ्यायला लावला, मूठ हळूच वाकवली. "दुखतं?"

कौसल्या त्यांच्याकडं बघत राहिली. "तुमालाच ठावं," म्हणाली.

आबांनी पुन्हा वाकवली.

"बरा झालाय," म्हणाले. "घिऊन जा. लेकरू कशाला परक्यात ठिवताय." मग तिला म्हणाले, "पर काखंत धरून उचलू नगंस त्याला. खालनं हात घालत जा."

मुलानं पिशव्या गाडीत ठेवल्या, गाडी सुरू केली. तपासणी कधीच संपली होती, तरी हात आबांच्या हातातच.

"सोडा की आवं," कौसल्या हळू आवाजात म्हणाली, "मालन बघतीया."

पण हात तिनंही ओढून घेतला नाही.

मी उठले आणि गोठ्यात गेले. म्हशींपुढं वैरण मगाचीच पडलेली होती, तरी आणखी टाकली.