बनसोडे सरांची अडीचशे वर्षं जुनी डाक

बनसोडे सर रोज सकाळी सव्वाआठला ऑफिसात येत, जॅकेट खुंटीला लावत आणि अडीचशे वर्षांपूर्वीची डाक उघडत.

थट्टा नाही, खरंच सांगते. उत्तर इंग्लंडातल्या डोंगरांत तेव्हा शिशाच्या खाणी होत्या. तिथला टॉबायस नावाचा एक एजंट लंडनच्या मालकांना दर दोन-चार दिवसांनी पत्र लिहायचा. शिसं किती निघालं, त्यातून चांदी किती सुटली, कुठला घोडा लंगडतोय, सगळं. पत्र पाठवण्यापूर्वी त्याची नक्कल एका जाड वहीत उतरून ठेवायची, ही त्या धंद्याची रीतच होती. ती वही तिकडच्या कुठल्याशा दफ्तरखान्यात आहे आणि तिच्या प्रत्येक पानाचा फोटो सरांनी मागवून घेतला होता. चार जाडजूड फायली झाल्या. दुसऱ्या एखाद्याने नाताळच्या सुट्टीत बसून त्या वाचून टाकल्या असत्या. सरांचा नियम वेगळा. आज एकोणीस जानेवारी असेल, तर टॉबायसचं एकोणीस जानेवारीचंच पत्र वाचायचं. त्याने त्या दिवशी लिहिलं नसेल तर आज डाक नाही. शनिवार-रविवारची डाक सोमवारी. पुढचं पान उलटायचं नाही म्हणजे नाही.

"अहो सर, पुढे काय झालं ते बघा की एकदा. कागद तुमच्याच टेबलावर आहेत," मी एकदा वैतागून म्हटलं.

"मॅडम, टॉबायसला माहीत होतं का पुढे काय होणार ते? मग आपण कोण लागून गेलो?"

ही दोन हजार चार-पाच सालातली गोष्ट. स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते आणि मला बनसोडे सरांच्या खोलीत टेबल मिळालं होतं. मी पुण्याची, जिभेने जरा तिखट. सर औरंगाबादचे, धातुशास्त्रातले डॉक्टर, वीस वर्षं जर्मनीत मुरलेले. वय पंचावन्नच्या आसपास, उंची बेताची, आवाज मात्र भरसभेतला. आमचं काम होतं सोल्डरमधलं, म्हणजे सुटे भाग जोडायच्या डागातलं, शिसं हटवणं. शिशावर बंदी येऊ घातली होती, त्यामुळे शिसं काढून त्याजागी कथील आणि थोडी चांदी घालायची, आणि मग जोड टिकतो का ते तपासत बसायचं.

"बघा मॅडम, टॉबायस आयुष्यभर शिशातून चांदी काढत बसला. आपण शिसं काढून चांदी घालतोय. माणूस एका जागी ठरत नाही. गेनाऊ!"

हे 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', सर स्वतःच्याच वाक्याला स्वतःच लावत. बरोबर की नाही हे विचारायला दुसऱ्या कुणाची गरज नसे.

टॉबायसच्या संगतीचा परिणाम सरांच्या ई-मेलवर व्हायचाच होता. त्या काळच्या व्यापारी पत्राची सुरुवात पोच देऊन व्हायची. तुमचं अमुक तारखेचं पत्र हाती आलं, आणि मग पुढचं सगळं. सर शेजारच्या खोलीतल्या माणसाला लिहीत, "आपलं आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांचं कृपापत्र हाती पोचलं, त्याबद्दल आभारी आहे." तेही शुद्ध जर्मनमध्ये. शेवटी "आपला आज्ञाधारक सेवक". खरेदी विभागातल्या बायकांना वाटायचं, हे भारतीय संस्कार आहेत. त्यांनी मला विचारलंसुद्धा की तू का अशी लिहीत नाहीस, तुझ्या घरी शिकवलं नाही का?

आणि कुणी उत्तर दिलं नाही तर सर कधी चिडत नसत. "रस्ते बंद असतील," म्हणत. टॉबायसही लंडनहून उत्तर आलं नाही की असंच लिहायचा. हिमामुळे डाक अडकली असेल, हरकारा आजारी असेल, घोडा पडला असेल. मालक आळशी आहेत असं त्याने एकदाही लिहिलं नाही. सरांना याचं फार कौतुक. आमचा साहेब, हेर (म्हणजे श्रीयुत) फोगेल, तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर उत्तर पाठवायला आठवडा लावायचा. सर त्याच्या वतीनेही रस्ते बंद करून टाकत.

त्या जानेवारीत तर कहर झाला. टॉबायसने चांदीच्या वड्या खोक्यांत भरून एका वाहकाबरोबर लंडनला रवाना केल्या आणि मागे तुफान हिम पडलं. गाडा निघाला तो गेलाच. सर सकाळी फाईल उघडत आणि चेहरा पाडून बसत.

"काय सर, काही कळलं?"

"काही नाही. आज त्याने पुन्हा विचारलंय. आधीच्या पत्राची दुसरी प्रत दुसऱ्या वाटेने पाठवलीय, न जाणो पहिली हरवली असेल. ओळी वाकड्या झाल्यात हो त्याच्या. हे अक्षर बघा."

मी आधी हसायचे. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी एस-बान लोकलमधून उतरून टेकडीवरच्या ऑफिसकडे जवळजवळ पळत निघाले आहे. कशासाठी, तर अडीचशे वर्षांपूर्वीचा गाडा लंडनला पोचला का ते ऐकायला! दुपारी सर कँटीनला गेले तेव्हा मी फाईलचं पुढचं पान दोन बोटांत धरलं होतं, हे इथे कबूल करते. उलटलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी जिना चढत होते आणि वरून सिंहगर्जना आली. "दास झिल्बर इस्ट दा! चांदी आली! पोचली हो, मॅडम, पोचली!" सर हातात कागद नाचवत पॅसेजमधून धावत होते. नऊ तारखेचं पत्र लंडनहून मिळालं, चांदी सुखरूप पोचल्याचं वाचून हायसं वाटलं, असं टॉबायसने लिहिलं होतं. मी चक्क टाळ्या वाजवल्या. सरांनी मला पेढ्यासारखी एक लेबकुखन भरवली, म्हणजे मसाल्याचं बिस्किट, नाताळचं उरलेलं, कडक झालेलं. पॅसेजमधल्या आरडाओरड्याने दारं उघडली. हेर फोगेल वरच्या मजल्यावरून खाली आला. पुरवठादाराकडून चांदीच्या मिश्रणाचे नमुने महिनाभर रखडले होते, ते आले असं समजून त्याने लगेच टेस्टिंगची लाईन मोकळी करायला सांगितली आणि चार माणसं गोदामात पिटाळली. ती माणसं तासभर खोकी उपसत होती. शेवटी सर खाली गेले आणि कुठली चांदी ते त्यांना समजावून आले. हेर फोगेल नुसता "आल्झो..." (म्हणजे 'तर मग...') म्हणाला आणि जिना चढून गेला.

एवढ्या गप्पा मारणारे सर घराबद्दल मात्र बोलत नसत. त्यांची बायको वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये होती. दोघं वेगळी झाली होती. मुलगी यशोधरा सतरा वर्षांची, आईजवळ राहायची. एवढं मला माहीत होतं आणि त्याहून जास्त मी विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगसाठी वाल्डॉर्फला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सर माझ्या टेबलाशी घुटमळले. हा माणूस घुटमळताना मी प्रथमच पाहत होते.

"मॅडम, एक काम होतं. हे पत्र माझ्या मुलीला द्याल? मूळ प्रत पोस्टाने गेली आहे. ही दुसरी, दुसऱ्या वाटेने."

मग कळलं ते असं. दीड वर्षापासून सर दर पंधरा दिवसांनी यशोधराला मराठीत पत्र लिहीत होते. पाठवण्याआधी नक्कल वहीत उतरवत होते. उत्तर एकाचंही आलं नव्हतं.

"अहो, दर रविवारी फोन करता ना तिला? मग तेव्हाच विचारायचं."

"पत्राची विचारणा फोनवर कशी करायची? जाब विचारल्यासारखं होतं ते. पत्राची विचारणा पत्रात." मग म्हणाले, "आणि ती फोनवर 'या, नाइन, गूट', हो, नाही, बरं, एवढंच बोलते. मी मराठीत बोलतो, तिला सगळं समजतं. पण पत्र... वाचत असेल का हो ती? का उघडतही नसेल? तेवढं जरा बघून या. मला खरं काय ते सांगा."

अशी विनवणी त्यांनी टॉबायससाठीसुद्धा केली नसती. मी पत्र पर्समध्ये ठेवलं.

ट्रेनिंग संपल्यावर, फोनवर ठरल्याप्रमाणे, बसस्टॉपजवळच्या एका बेकरीत यशोधरा भेटली. उंच, डोळे थेट सरांचे. मी मराठीत बोलले, तिने जर्मनमध्ये उत्तरं दिली. पाकीट पुढे केल्यावर ती ते बराच वेळ हातात फिरवत राहिली. मग तिने शाळेच्या सॅकमधून बुटांचं एक खोकं काढलं. मी येणार म्हणून तिने ते बरोबर आणलं होतं. आत सगळी पत्रं. उघडलेली, नीट घडी घातलेली आणि पाकिटावरच्या शिक्क्यांच्या तारखांप्रमाणे लावलेली.

"मला हे वाचता येत नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. ती सहा वर्षांची असताना सरांनी एका हिवाळ्यात तिच्याकडून मुळाक्षरं गिरवून घेतली होती. पुढे सुट्टीत भारतात गेल्यावर तिने स्टेशनवरची पाटी वाचून दाखवली आणि सरांच्या लेखी तो विषय कायमचा संपला. तिची अक्षरं केव्हाच पुसली गेली होती. बोललेलं समजायचं, लिहिलेलं नाही. सरांच्या डोक्यात ही शक्यता आलीच नव्हती. रस्ते बंद, पोस्टात माणसं कमी, सगळं सुचलं, हे नाही.

"मग पापांना सांगायचं ना! नाहीतर मम्मीकडून वाचून घ्यायचं."

"मम्मीकडून नाही. पत्रं माझी आहेत." आणि खाली बघत, "पापा म्हणाले होते, त्यांना माझा अभिमान वाटतो, मला वाचता येतं म्हणून. मग कसं सांगू?"

मी पहिलं पाकीट उचललं आणि वाचायला लागले. "चि. यशोधरास अनेक आशीर्वाद. इकडे हवा थंड असून..." सुरुवातीला ती खुदुखुदु हसत होती. काय तो थाट! सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, तरी दुकानातून भरून घेण्याचे करावे. गणिताच्या पेपराचे वृत्त कळवावे. मग सहावं-सातवं पत्र आलं. "तुझे उत्तर अद्याप हाती आले नाही. तुमच्याकडे बर्फ फार झाल्याचे बातम्यांत पाहिले, त्यामुळे डाक खोळंबली असावी." नंतरचं एक जूनमधलं. बर्फाचं कारण लावायची सोय नव्हती. "पोस्टमन रजेवर असावा. त्यालाही घरदार आहे. तू काळजी करू नये." शाळेचा अभ्यास, पोस्टाचा संप, टपालपेटीची हरवलेली किल्ली, दर पत्रात नवं कारण आणि एकदाही तिच्याकडे बोट नाही. एका पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत एकच ओळ होती. "तू लिहिले नाहीस तरी मी लिहीत राहीन, म्हणून घाई करू नये."

तिथे मी मान वर केली. यशोधराने हातातली ब्रेत्सल, तो वेटोळ्याचा खारा पाव, तशीच बशीत ठेवली होती आणि ती रडत होती.

सोमवारी सर माझ्या आधी येऊन बसले होते. फाईल बंद. मी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं. "सर, सगळी पोचली. एकूण एक. तिने जपून ठेवलीत. पण तिला देवनागरी वाचता येत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"उघडली होती?"

"सगळी. रोज काढून बघते म्हणाली."

सर ताडकन उठले. खुंटीवरचं जॅकेट ओढताना खुंटीच हातात आली. "सगळी पोचली! मॅडम, दीड वर्ष, एकही हरवलं नाही! आणि मी गाढव, गाढव..." असं म्हणत त्यांनी नकलांची वही काखोटीला मारली आणि हेर फोगेलच्या दारावर थाप मारून सुट्टी मागितली. फोगेलने भीत भीत विचारलं, पुन्हा चांदी आली का? सर म्हणाले, त्याहून भारी. साडेनऊच्या आत हा माणूस स्टेशनवर होता. त्या दिवशीची टॉबायसची डाक न वाचता गेला. इतक्या दिवसांत असं प्रथमच घडलं.

त्यानंतर दर शनिवारी सर वाल्डॉर्फला जाऊ लागले. बेकरीत बसून, ओळीखाली बोट सरकवत, स्वतःचीच पत्रं मुलीला वाचून दाखवू लागले. जुनी संपली तेव्हा नवी लिहिली, पण पोस्टात टाकली नाहीत. खिशात घालून स्वतः घेऊन जात. सोमवारी मला सगळा वृत्तांत मिळे. कुठे ती हसली, कुठे तिने "परत वाचा" म्हटलं.

"सर, आता तिला पुन्हा मुळाक्षरं शिकवा ना," मी म्हणायचे.

"विचारलं होतं. नको म्हणते. अभ्यास फार आहे म्हणाली. राहू दे."

ऑगस्टमध्ये एका रविवारी यशोधराचा मला फोन आला. चक्क मराठीत. क्रियापदं भलत्याच जागी, पण मराठीत. पापांच्या वाढदिवसाला काय घेऊ, असं विचारत होती. बोलता बोलता म्हणाली, कालच्या पत्रात पापांनी 'पाऊस' शब्द दोनदा लिहिलाय, एकदा चुकून.

"तुला कसं कळलं?"



"मला वाचता येतं आता. पापा बोट ठेवतात ना, ते बघून बघून आलं. दोन महिने झाले."

"अगं, मग सांगितलं का नाहीस त्यांना? केवढे खूश होतील!"

"नको, नको! तुम्ही पण सांगू नका, प्लीज." तिचा आवाज एकदम लहान झाला. "सांगितलं की पापा परत पोस्टाने पाठवतील."