टाकीवाल्या साहेबांची खोली

इंगळे साहेब कोणाच्याही घरी आले की आधी दारात उभं राहून एक टाळी वाजवतात. एकच. मग मान तिरपी करून थोडा वेळ ऐकतात आणि त्यानंतर चप्पल काढतात. "तुमची बैठक लय बोलते, सर," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. बोलते म्हणजे घुमते. त्यांच्या मते खोल्या दोनच प्रकारच्या, बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या, आणि चिखलीतल्या बहुतेक बोलणाऱ्या. हे मत ते बँकेत देऊन आलेत, लग्नाच्या हॉलात देऊन आलेत, आणि एकदा गल्लीतल्या एका आजोबांच्या तेराव्यालाही. तिथे टाळी ऐकून भजनी मंडळाला वाटलं, सुरू करायचं. त्यांनी सुरू केलंही.

आम्ही शेजारी. मी शाळेत गणित शिकवतो. साहेब पाणीपुरवठ्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी पाण्याच्या टाक्या बांधण्यात गेली. कधी साखरखेर्डा, कधी संग्रामपूर, जिथे बदली तिथे टाकी. त्यामुळे विटांवर त्यांचा विश्वास नाही. "वीट म्हणजे भाजलेली माती. तिचा काय भरोसा?" निवृत्तीनंतर गच्चीवर सिनेमा पाहायची खोली काढायचं ठरलं, तेव्हा त्यांनी सळई बांधून चारही भिंती काँक्रीटच्या ओतल्या आणि त्यांवर दिवसचे दिवस पाणी मारलं. गल्लीची समजूत झाली की वर टाकीच होतेय. मागच्या गल्लीतल्या एक बाई नळासाठी नाव लिहून घ्या म्हणून सांगायला आल्या होत्या.

खोली झाली. प्रोजेक्टर आला, पडदा आला, पाच स्पीकर आले. पहिल्या दिवशी मला बोलावणं आलं. पडद्यावर नायकानं "आई" म्हणून हाक मारली आणि भिंतींनी ती तीन-चारदा म्हणून दाखवली. पुढची वाक्यं एकमेकांच्या अंगावर चढत गेली. मारामारी लागली तेव्हा नुसतीच गुरगुर. साहेबांनी बटण बंद केलं.

"सर, आपण टाकीत बसलो आहो," ते म्हणाले.

तिथून पुढे वर्षभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. मोबाइलवर कोणीतरी सांगितलं की भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. साहेबांच्या घरात अंडं येत नाही, तरी ते बसस्टँडवरच्या आम्लेटच्या गाड्यांवरून रिकामे ट्रे जमा करत हिंडले. ट्रे लागले, पाठोपाठ मुंग्या लागल्या. बारीक आवाज जरासा मऊ झाला, जाडा आवाज मात्र कोपऱ्यात ठाण मांडून बसला. मग त्यांनी पातळ काळा फोम मागवून चिकटवला. मे महिन्यात त्याचा गोंद सुटला आणि सिनेमाच्या मध्येच तुकडे डोक्यात पडायला लागले.

शेवटी साहेबांनी वही केली आणि अभ्यासाला बसले. निष्कर्ष असा निघाला की आवाज अडवायला जाडी लागते. ते गादीवाल्याकडे गेले आणि लाकडी चौकटींत चार इंच कापूस दाबून भरायला सांगितला, वरून गोणपाट.

"कोणत्या पलंगासाठी, साहेब?"

"भिंतीसाठी."

गादीवाल्यानं थोडा विचार केला. "मंग उशा किती?"

चौकटी भिंतीपासून चार बोटं सोडून लावायच्या होत्या. "मागं हवा पाहिजे, सर. आवाज जाताना थकला पाहिजे, येताना मेला पाहिजे." चारही कोपऱ्यांत जमिनीपासून स्लॅबपर्यंत कापसाच्या वळकट्या उभ्या राहिल्या. खाली जाड सतरंज्या, दाराला जाड पडदा.

चौकट नेमकी कुठे लावायची हे आरशानं ठरतं; बसलेल्याला भिंतीवरच्या आरशात जिथे स्पीकर दिसतो, तिथूनच आवाज उलटून येतो. त्या कामाला एका रविवारी सकाळी मला धरलं. खुर्चीत काकूंना, म्हणजे साहेबांच्या पत्नीला बसवलं. काकूंना काही वर्षांपासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांत मशीन आहे, तरी साहेब त्यांच्याशी ओरडूनच बोलतात, त्यामुळे त्यांच्याकडे वरणात मीठ कमी पडलं की आम्हालाही कळतं. मी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा आणि आरशात स्पीकर दिसला की काकूंनी हात वर करायचा. तिथे साहेब खडूनं फुली मारणार. काकूंनी हात वर केला.

"दिसला काय?" साहेब ओरडले.

"नाही. मी दिसली," काकू म्हणाल्या.

दुपारपर्यंत फुल्या झाल्या. पुढच्या रविवारी शेवटची चौकट लागली. काकू खुर्चीत येऊन बसल्या होत्या. साहेबांनी टाळी वाजवली. ती तळहातातच संपली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सवयीनं काकूंना ओरडून विचारलं, "पंखा लावू काय?"

"एवढं काऊन ओरडून राह्यले? येते ना मले ऐकू."

साहेब जागेवरच थांबले. मग सिनेमाच्या पडद्यापर्यंत चालत गेले, काकूंकडे पाठ केली आणि माझ्याशी बोलतात तसं साध्या आवाजात म्हणाले, "चाय घेतली काय?"

"घेतली. तुमीच तर आणून देल्ली."

साहेब वळले नाहीत. पडद्याकडे तोंड करूनच म्हणाले, "सर, त्या वरच्या चौकटीचा खिळा पाहून घ्या जरा. ढिला वाटते." मी स्टुलावर चढून पाहिला. खिळा घट्ट होता. साहेब तसेच उभे होते, म्हणून मी बाकीचेही खिळे पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं, "मशीन सगळंच मोठं करते, सर. शब्द बी, घुमारा बी. खाली घरभर फरशी अन् स्लॅब. तिले नुसता कल्ला ऐकू येत असंन." इतकी वर्षं हे आपल्या ध्यानात आलं नाही, असंही म्हणाले.

गल्लीतल्यांनी आठवडाभर येऊन सिनेमे पाहिले, खोलीची तारीफ केली. मग येणं कमी झालं. परवा दुपारी मी त्यांची ड्रिल परत द्यायला गच्चीवर गेलो. दाराचा पडदा अर्धा सरकवलेला होता. प्रोजेक्टर बंद. दोघं सतरंजीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. नोकरीभर साहेब बदलीच्या गावी एकटे आणि काकू इथे मुलांच्या शाळेपायी. ते कायमचे घरी आले, तोवर काकूंचे कान गेले होते.

"संग्रामपूरले होते तुमी, तवा जेवाचं काय करत होते?" काकू विचारत होत्या.

"खिचडी."

"रोज?"

"रोज. कधी पापड भाजत होतो."

"तुमी तर म्हणत होते, खानावळ लागली. चांगली आहे."

"म्हणत होतो."

"काऊन?"

साहेब इतक्या हळू बोलले की दारात उभ्या असलेल्या मला ते ऐकू आलं नाही. काकूंना आलं. त्यांनी हातातली शेंग परातीत ठेवली आणि म्हणाल्या, "हाव. रडलीच असती मी."

मी ड्रिल पायरीवर ठेवली आणि खाली उतरलो.