नोव्हेंबरातलं झाड

अभ्यासिकेच्या भिंतींचा रंग वाळत होता, नेमक्या त्याच दिवशी राजेंद्रसाहेब तिचा नकाशा तपासायला आले.

अक्षदाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने मुलांसाठी ही खोली बांधली. वर हट्ट, की तिला 'हरित इमारत' असं प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे. त्यासाठी कमिशनिंगची तपासणी लागते, म्हणजे बाहेरचा जाणकार नकाशा बघून चुका काढतो. आणि ती नकाशा अर्धा व्हायच्या आत करायची, असा नियम. साहेब आले मे महिन्यात! बारशाचं नाव मुलाच्या लग्नात ठेवावं, तसं.

चूक तर अक्षदानेच नोव्हेंबरात काढली होती. तीन मोठ्या खिडक्या, तिन्ही पश्चिमेला! तिथूनच तर पावसाळाभर वाऱ्याबरोबर आडवी झड येते. जूनपासून तिची दहावी. घरात चार भावंडं आणि दिवसभर बोंबलणारा टीव्ही. अभ्यासाला हीच एक जागा, आणि तिथे वह्यांचा लगदा होणार. तिने बांधकाम बघणाऱ्या मुरारीतात्यांच्या मागे लागून साहेबांना फोन लावायला लावला. रेंज यथातथाच. तात्या टेकाडावर चढून ओरडले होते, "सायेब, पश्चिमेला झड हाय! मोठी झड!"

"नोंद घेतली," साहेब म्हणाले होते.

आता साहेब कागद घेऊन खोलीला तीन फेऱ्या मारून आले. "झाड कुठंय?"

"कंचं झाड?"

"हे काय लिहिलंय? 'पश्चिमेला मोठं झाड. सावली भरपूर. खिडक्या योग्य.'"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "झाड नाय वो सायेब, झड! आडवा पाऊस!"

"कागदावर झाड आहे. तोडलंत ना?"

"व्हतंच कुठं तोडाया?"

"मग मी न बघताच लिहिलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो!" अक्षदा फाडकन बोलली. "तेच म्हणायचंय! नकाशा होता तेव्हा आला नाहीत, आता भिंतींना खोडरबर लावणार का?"

"गो अक्षदे, गप ऱ्हा! प्रमाणपत्र जाईल," तात्या कुजबुजले.

साहेबांनी चष्मा पुसला. "दोनच मार्ग आहेत. झाड नव्हतंच, तर नोंद खोटी. सगळी तपासणी रद्द, खोलीला कुलूप, वर्षभर तरी. झाड होतं आणि गेलं, तर तेवढी भरपाई."

"भरपाई म्हणजे?" अक्षदाने विचारलं.

"नवं रोप लावायचं. आणि ते वाढेपर्यंत, झाड जेवढं झाकत होतं तेवढ्या भागावर पत्र्याचा उतरता छज्जा. पावसाच्या आत."

खरं सांगायला उघडलेलं अक्षदाचं तोंड तसंच मिटलं. तिने एक खिडकी बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली.

"होतं झाड," ती म्हणाली.

"गो पोरी!" तात्या दचकले.

"फणस होता, सर. वादळात पडला. तिन्ही खिडक्या झाकायचा. खालच्या चौकटीपर्यंत फांद्या यायच्या. थोड्या बाजूलासुद्धा."

"किती बाजूला?"

"दोन-दोन हात."

तात्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला. "अडीच!" ते घाईने म्हणाले. "लय पसरलेला फणस व्हता, सायेब. फार चांगला. रडायलाच येतं."

साहेबांनी मापं उतरवली, तात्यांची सही घेतली आणि तपासणीच्या मूळ कागदावर कोरी राहिलेली तारीख घातली. अक्षदाने मान लांब करून वाचली, आणि तिचा पारा पुन्हा चढला.

"सर, हे काय! बारा नोव्हेंबर? नोव्हेंबरात तुम्ही इथं कुठं होतात?"

साहेबांनी शांतपणे पेनाचं टोपण लावलं.

"तो फणस होता नोव्हेंबरात?"

अक्षदाने छज्ज्याच्या मापांकडे बघितलं. "...होता."

"मग मीही होतो. त्याच्याच सावलीत बसून तर नकाशा तपासला."