काकींचं तिसरं वर्ष

डहाणूच्या एसटी स्टँडवर एका बाकावर ‘येथे बसू नये’ अशी पाटी होती. हंसाकाकी रोज नेमक्या त्याच बाकावर बसायच्या. कंट्रोलरने हटकलं की विचारायच्या, “नियम कुठला? कुणी काढला?” आठवड्याभरात त्याने हटकणं सोडलं. महिन्याभरात पाटीच काढली.

या काकी माझ्या वर्गात होत्या. मी एकोणीसचा, त्या त्रेचाळीसच्या. मॅट्रिक आणि बारावी बाहेरून बसून पास झालेल्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी तलासरीकडच्या झरीहून यायचो, त्या डहाणूबाहेरच्या सासरच्या चिकूवाडीतून. डहाणूतल्या एका खासगी कॉलेजात आम्ही बी.ए.ला लोकप्रशासन घेतलं होतं. सरकार धोरण कसं आखतं, कसं राबवतं, ते शिकायचं. मी घेतलं, कारण तासांच्या वेळा माझ्या बसला जुळत होत्या. काकींनी घेतलं, कारण त्यांना सरकारशी भांडायचं होतं आणि ते नीट शिकून भांडायचं होतं. सोमवारी वर्गात शिकलेलं मंगळवारी तलाठ्यावर वापरायच्या. त्यांची छत्री लांबून दिसली की तलाठी चहाला निघायचा.

दुसरं वर्ष संपलं आणि प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. विषयाला होतोच तिघं.

“तिघांसाठी तास परवडत नाही. अर्थशास्त्र घ्या.”

“नियम कुठला?”

“हा निर्णय आहे, बाई.”

“निर्णय धोरणातून निघतो, सर. तुमच्याच कॉलेजात शिकले. धोरण दाखवा, मग बोलू.”

प्राचार्यांनी चष्मा पुसला. “असं करा, घरी विचारून या.”

“घरी विचारलं असतं, तर पहिल्या वर्षालाच आले नसते.”

जूनमध्ये वर्गाला कुलूप लागलं. तासाची घंटा होताच काकींनी व्हरांड्यात सतरंजी अंथरली, आम्हा दोघांना बसवलं, चिकू वाटले आणि पुस्तक मोठ्यानं वाचायला लागल्या. रोज. शेजारी अकाउंट्सचे सर हैराण.

“काकी, जरा हळू,” शिपाई म्हणाला.

“तास चालू आहे. मध्ये बोलू नको.”

बाराव्या दिवशी आमचे देसाई सर तिथून चालले होते. त्यांना आता इतिहासाला लावलं होतं. काकी आम्हाला ‘नोकरशाही’ समजावत होत्या, साफ चुकीची. सर चार पावलं पुढे गेले, थांबले, परत आले.

“तसं नाही हो ते!”

आणि त्यांनी उभ्या उभ्या पाऊण तास शिकवलं. सर का येत नाहीत म्हणून त्यांचा इतिहासाचा वर्ग शोधत आला आणि तोही ऐकत बसला. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी शिपायाबरोबर किल्ली पाठवली.

कुलूप उघडून आत आलो, तेव्हा मी विचारलं, “काकी, अर्थशास्त्र घेऊनही पदवी मिळालीच असती. एवढं कशाला?”

त्या वर्गभर नजर फिरवत होत्या.

“नववीत होते रे. भूगोलाचा तास चालू होता. बाबा दारात येऊन उभे राहिले. माझं लग्न ठरलं होतं. बाई म्हणाल्या, जा. मी उठले, दप्तर आवरलं. एक शब्द बोलले नाही.” मग जरा हसल्या. “नद्या चालल्या होत्या. दोनच झाल्या होत्या.”

देसाई सर आत आले. काकींनी पदराने डोळे टिपले, वही उघडली आणि कोपऱ्यात तारीख घातली.