कारल्याच्या दिवशी न येणारा

भालेराव साहेब दारातून आत आले की दार लगेच सोडत नसत. स्वतः आत यायचे, बाजूला व्हायचे आणि मागून आणखी कोणीतरी येतंय अशा थाटात दार धरून उभे राहायचे. येत कोणीच नसे. मग मान किंचित हलवून ते दार सोडायचे. तेवढ्यात खोलीतला एसी बाहेर पळालेला असायचा आणि आत बसलेले लोक नकळत सरकून जागा करायचे. एकदा मीही सरकले होते. कोणासाठी, ते विचारायची मात्र छाती झाली नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची रंग बनवणारी कंपनी होती. दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. कंपनीत तीन ठिकाणी कॉम्प्युटर होते आणि तिघांचं आपसात बोलणं नव्हतं. गेटवरचा सांगायचा कोण आत आलं, कँटीनमधला सांगायचा कोण जेवलं आणि पगाराचा सांगायचा कोणाला किती द्यायचे. मी बदलापूरहून यायचे, कॉम्प्युटर विभागात बसायचे आणि महिनाअखेरीला या तिघांचा मेळ घालता घालता माझ्या तोंडाला फेस यायचा. शेवटी मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं. तिघांना जोडणारं सॉफ्टवेअर घ्या, दोन-तीन कंपन्यांना बोलवा, तुलना करा. वर एक अट घातली. जो गेटवर नाही, तो माझ्या रिपोर्टात कुठेही दिसता कामा नये.

तुलनेचं काम हजेरी सांभाळणाऱ्या टाइम ऑफिसच्या भालेराव साहेबांकडे आलं. रिटायरमेंटला टेकलेला, एकटा राहणारा, शर्टाची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावणारा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी या भानगडीचं नाव ‘सोयरीक’ ठेवलं. सॉफ्टवेअर म्हणजे स्थळ.

"वैशाली, उद्या पुण्याचं स्थळ येतंय. पोहे सांगून ठेव."

आणि खरंच कांदेपोहे यायचे! टाय लावलेली मंडळी बशी हातात धरून अवघडून बसायची आणि साहेब चौकशी करायचे. घराणं कुठलं, याआधी कोणाकडे दिलीत, तिथे नीट नांदते का. माझ्या लग्नात माझ्या आईने एवढी चौकशी केली नव्हती. बशा उचलल्या गेल्या की साहेब चष्मा काढून शेवटचा प्रश्न विचारायचे, "ज्याची जोडी सापडत नाही, त्याचं तुम्ही काय करता?"

नावं बाहेरच्यांना द्यायची नाहीत म्हणून आम्ही त्यांना नुसते नंबर दिले होते. पुण्याच्या मुलाने पडदे ओढून घेतले. प्रोजेक्टरचा काय तो उजेड.

"सर, ये देखिए. हा एक नंबर आहे. हा गेटमधून कधी आत येत नाही. बाहेर पण जात नाही. याला पगार नाही. पण हा रोज जेवतो."

त्याने पुढचं पान काढलं आणि जरा चाचरला. "रोज म्हणजे... मंगळवारी नाही जेवत."

बाहेर टळटळीत दुपार होती तरी माझ्या अंगावर काटा आला.

"मग त्याचं काय करता?" साहेबांनी विचारलं.

"डिलीट, सर. एका क्लिकमध्ये साफ."

"चहा घेऊन जा," म्हणत साहेब उठले. स्थळाबद्दलचा त्यांचा शेरा एवढाच होता, "मुलगी फटकळ आहे."

दुसरं स्थळ मुंबईचं, महागडं. त्यांच्या पडद्यावरही तो नंबर आलाच. ते म्हणाले, आमचं सॉफ्टवेअर कोणालाच एकटं ठेवत नाही, सगळ्यात जवळच्या नंबरला जोडून टाकतं. त्याने त्या नंबरची गाठ आमच्या वॉचमनशी मारली. वॉचमन दिवसातून दोनदा जेवतो असं पडद्यावर सिद्ध झालं.

"कोणालाही कोणाच्याही गळ्यात बांधता?" साहेब एवढे भडकलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? आपली गाठ एका न दिसणाऱ्या माणसाशी मारली गेली हे कळल्यावर वॉचमनने कँटीनचं नाव टाकलं आणि तो घरून डबा आणू लागला. सर्व्हरच्या खोलीवर कोणीतरी लिंबू-मिरची टांगली. मी अर्थातच सगळ्यांना हसले. पण माझी खोली कँटीनला लागून होती. तिथल्या मशीनला कार्ड दाखवलं की ‘टुंई’ असा आवाज यायचा. दुपारी सगळे जेवून गेले, बाकं पुसून झाली, दार ओढून घेतलं, की भिंतीपलीकडे तो आवाज एकदा यायचा. थोडं थांबून पुन्हा एकदा. इतके दिवस मी तो ऐकत होते आणि ऐकून सोडून देत होते. आता तो वाजला की हातातलं काम थांबायचं.

एका मंगळवारी डबा धुताना माझी नजर कँटीनच्या फळ्यावर गेली. मंगळवार, भाजी कारलं. माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

सगळ्या कंपनीत कारल्याला शिव्या घालणारा एकच माणूस होता. स्टोअर्सचे लच्छूभाई, उल्हासनगरचे सिंधी. पोट सुटलेलं, आवाज खणखणीत. मंगळवारी ते ताटाला हात लावायचे नाहीत. "भालू, हा भाजी नाय, सजा आहे सजा!" साऱ्या कंपनीत भालेराव साहेबांना ‘भालू’ म्हणायची हिंमत त्यांचीच. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते घरी झोपेतच गेले. मी जाग्यावर येऊन तो नंबर काढून बघितला. त्यांचाच होता.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे ‘टुंई’ झालं तशी मी उठले. कँटीनचं दार ढकललं. खांबाआडच्या टेबलावर दोन ताटं वाढलेली होती. एका ताटासमोर भालेराव साहेब बसले होते. दुसऱ्यासमोर खुर्ची होती, मागे ओढलेली, कोणी नुकतं बसावं तशी. साहेब पापड मोडत होते. अर्धा त्यांनी समोरच्या ताटात ठेवला.

वाढणाऱ्या सुमनताईंनी मला दाराशीच अडवलं. "ओरडू नको गो. दोन्ही ताटांचे पैसे तेच भरतात. नंतर ते ताट मीच जेवते, टाकत नाही."

साहेबांनी मान वर केली. "ये. कळलं वाटतं."

"साहेब, हे कार्ड..."

"त्याचंच. विसराळू होता, माझ्याच खिशात ठेवायचा. मी नवीन लागलो तेव्हा माझ्या टेबलावर कोणी बसायचं नाही. का, ते तुला सांगायला नको. हा पहिल्या दिवशी ताट घेऊन आला, समोर बसला आणि घरून आणलेला पापड मोडून अर्धा माझ्या ताटात टाकला. म्हणाला, ‘साईं, एकट्याने पापड खाल्ला की आवाज फार होतो.’ मग शेवटपर्यंत समोरच बसला."

"पण कार्ड कशाला लावायचं?"

"नाव येतं ना." त्यांनी मशीनकडे बोट केलं. "गेटने काढलं, पगाराने काढलं. घरच्यांनी रेशनकार्डावरून काढलं. इथे अजून हिरव्या अक्षरांत येतं. तेवढं बघतो आणि जेवतो."

मला रडू आलं, आणि मघाशी आपण भुताला घाबरत होतो याची लाजही वाटली. ही तीन खाती एकमेकांशी बोलू लागली की पहिल्याच दिवशी ते हिरवं नाव जाणार होतं. स्थळामागून स्थळ बोलावून हा माणूस काय शोधत होता, ते तेव्हा मला कळलं.

तिसरं स्थळ डोंबिवलीचं होतं. एक किडकिडीत मुलगी, जुना लॅपटॉप. सॉफ्टवेअर एवढं हळू, की पडद्यावर काही उमटेपर्यंत पोहे संपले. नंबर आलाच. साहेबांनी चष्मा काढला, प्रश्न विचारला आणि टेबलाची कड धरून बसले.

"त्याला बाजूला ठेवतो, सर," ती म्हणाली. "मोठ्या साहेबांच्या रिपोर्टात तो दिसणार नाही. पण आम्ही काढून टाकत नाही. काय करायचं ते माणसाने सांगेपर्यंत तो तसाच राहतो."

"कोणत्या माणसाने?"

"तुम्ही नेमाल त्याने."

साहेबांनी टेबलाची कड सोडली. मोठे साहेब म्हणाले, हे तर फार हळू आहे हो. भालेराव साहेब म्हणाले, "हळू आहे, पण समजूतदार आहे. संसार करील." मोठ्या साहेबांची अट पाळली जात होती आणि किंमतही कमी होती. सोयरीक जमली.

सॉफ्टवेअर चालू झालं त्या दुपारी भिंतीपलीकडे एकदाच ‘टुंई’ झालं. दुसरा आवाज येईना. मी धावत गेले. साहेब हातात कार्ड घेऊन मशीनसमोर उभे होते. दाखवायचा धीर होत नव्हता.

"मार्चनंतर मी इथे नाही, वैशाली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नेमलेला माणूस बदलेल. खुर्ची तुझ्याकडे यायची आहे. तू काय सांगशील या मशीनला?"

मी त्यांच्या हातातलं कार्ड घेतलं आणि मशीनला दाखवलं. मशीनने, आपल्या नव्या स्वभावाप्रमाणे, बराच वेळ घेतला. मग वाजलं. लच्छूभाईंचं नाव हिरव्या अक्षरांत सावकाश उमटलं.

साहेब खांबाआडच्या टेबलावर जाऊन बसले. मी बाजूच्या टेबलाची खुर्ची उचलून आणली आणि दोघांच्या मधे ठेवून बसले. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग समोर बघितलं. मग पापड उचलला आणि नीट अंदाज घेत त्याचे तीन तुकडे केले.