तळहातांवर बसणारे अण्णा

रिक्षा सुटताना आणि थांबताना आमचे शिवानंदअण्णा दोन्ही तळहात मांडीखाली घालतात, पाठ ताठ करतात आणि एकदम गप्प होतात. भवानी पेठेतून निघालं की प्रत्येक सिग्नलला हेच. एकदा रिक्षावाल्यानं मला हळूच विचारलं, "शेट, पाव्हण्यास्नी मूळव्याध हाय काय?"

अण्णा आमचे जुने शेजारी; आता घर गावाबाहेर. उभी हयात विमानात प्रवाशांना खाऊपिऊ घालण्यात गेली. पेठेत त्यांना 'विमानातला कंडक्टर' म्हणतात. "तिकीट फाडत न्हाई हो आमी," एवढंच ते म्हणतात, तेही हसून. बायको केव्हाच नातेपुत्याला भावाकडे राहायला गेली. "पाहुण्यासारखं येता, पाहुण्यासारखं जाता," म्हणाली.

गेल्या वर्षी सर्दी असताना ड्यूटीवर गेले आणि विमान उतरताना उजव्या कानाचा पडदा फाटला. "सर्दीत उडायचं न्हाई, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो," ते म्हणाले. "पन सारखं आजारी पडणारा मानूस साहेबांच्या डोळ्यावर येतो की." तेव्हापासून घरी बसलेत. पुन्हा तपासणी होईल, डॉक्टर पास करतील, पुन्हा उडायला मिळेल, या एकाच आशेवर.

तोवर मुक्काम माझ्या चादरीच्या दुकानात. हे दुकान मी एसटी स्टँडवर खांद्यावर चादरी टाकून फिरत उभं केलंय. माझी रीत ठरलेली: गिऱ्हाईक रुसून पायऱ्या उतरेपर्यंत बघत राहायचं, मग हाक मारायची. अण्णा काय करतात? रुसलेल्या गिऱ्हाइकाला अदबीनं दार उघडून देतात. "आपला दिवस शुभ जावो." गेलं गिऱ्हाईक!

तेही मी सोसलं. पण माझ्या पोरीच्या लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती, आणि हा गृहस्थ मागं दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ, हातांवर बसून राहिला! बार्शीचे व्याही कुजबुजले, "शेजाऱ्याशी भांडन हाय वाटतं." मी अण्णांचा चहा बंद केला. दुकानात येत, बसत. मी बघत नसे.

गेल्या आठवड्यात ते तपासणीहून परतले ते तडक दुकानात.

"कायमचा नापास, शेट."

सांत्वन मला येत नाही. मला भांडण येतं. मी तेच काढलं. "आधी सांगा, माझ्या मांडवात चपलांत का बसला होता?"

अण्णांनी डावा कान माझ्याकडे केला. "विमान उतरताना आमी हातांवर बसतो. धक्का बसला तरी हात शाबूत ऱ्हायला पाहिजेत. आनि मनात उजळणी करायची. दार कुटलं, कसं उघडायचं, कुनाला आधी उचलायचं. आता सवयच लागलीय. आग लागली तर बाहेर पडायला तुमच्या हॉलला दार एकच होतं. तुमच्या आईंना चालता येत न्हाई, म्हनून आधी त्यास्नी उचलायचं ठरवलं. मग नवरी. शालूत पाय अडकला असता की तिचा."

"आणि मी?"

"तुमी शेवटी. तुमी दारात कुनाशी तरी भांडत बसला असता."

मी दोन चहा सांगितले.

संध्याकाळी रिक्षानं त्यांना सोडायला गेलो. त्यांच्या दारापाशी रिक्षा थांबली, तरी हात मांडीवरच.

"आज विसरला काय?" मी विचारलं.

अण्णा दाराच्या कुलपाकडे बघत राहिले. "हितं कुनाला उचलायचंय, शेट?"

"आमच्याकडं आई हाय की!" मी खेकसलो. "रिक्षा वळवा हो."

रिक्षा वळली. आता जातील मांडीखाली, म्हणून मी सारखा त्यांच्या हातांकडे बघत होतो. ते मांडीवरच पडून होते.