हवालदार खिलारे यांचे चार सेकंद

लष्करी बँडमधले जे हवालदार टीव्हीवर वाजवून आल्यापासून कृष्णधवलच राहिले होते, त्यांना आपण त्या संध्याकाळी खरोखर पाहिलं होतं की नाही, याची डॉ. यशवंत हळबे यांना खात्री नव्हती.

कार्यक्रम झाला होता १९७७ च्या सव्वीस जानेवारीला. बत्तीस जणांचा बँड स्टुडिओत अर्धा तास वाजवून छावणीत परतला, तो कृष्णधवल होऊनच. रीतसर चौकशी झाली आणि नियम ठरला: ज्याने तो कार्यक्रम पाहिला असेल त्याने लेखी जबाब द्यावा, जबाबात जो रंग येईल तो त्या जवानाला परत मिळेल. बँडमास्तरांना आठवड्याभरात रंग मिळाला. मोठा ढोल वाजवणाऱ्याला तर इतके जबाब आले की त्यातून निवड करावी लागली. शेवटी राहिले एकटे सॅक्सोफोनवाले हवालदार खिलारे. कॅमेरा त्यांच्यावर चारच सेकंद थांबला होता.

सदतीस वर्षांनी, जबाबांची ही योजना महिनाअखेर बंद होत असल्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली. डॉ. हळब्यांनी एक पोस्टकार्ड टाकलं: ‘एक सॅक्सोफोनवादक पुसटसे आठवतात असे वाटते.’ टाकल्यावर दोन दिवस ते पोस्टकार्ड परत कसं मिळवता येईल याचा विचार करत होते. ताम्रपटांवर डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस; पण स्वतःच्या प्रबंधातली काही विधानं त्यांना अजून रात्री खुपत.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नायब सुभेदार जगदाळे एक फाईल आणि हवालदार खिलारे यांना घेऊन आले. खिलारे सत्तरीचे, ताठ बसणारे, डोक्यापासून बुटापर्यंत करड्या छटांचे. डॉ. हळब्यांच्या पत्नी शरयूबाईंनी चहा दिला. कपातला चहा तांबूस होता. खिलारे यांच्या मिशीला लागलेला थेंब मात्र राखाडी दिसला.

“साखर बरोबर आहे का, भाऊ?” शरयूबाईंनी विचारलं.

“चव रंगीतच लागते, ताई,” खिलारे म्हणाले.

जगदाळ्यांनी फाईल उघडली. “पाहिलं ते सांगायचं, सर. डोकं, चेहरा, कोट, पँट, बूट. पाच रकाने आहेत.”

“आणि मला शंका असेल तर?”

“तर शंकेसकट रंग येतो. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी ट्रंपेटवाल्याच्या कोटाला ‘बहुधा तांबडा’ लिहिलं. तो दर पावसाळ्यात उतरतो. आम्ही ट्रंपेटवाल्याला छत्री मंजूर केली आहे.”

डॉ. हळब्यांनी खुर्ची पुढे ओढली. “तुम्हाला स्वतःला आठवत असेल ना?” त्यांनी खिलाऱ्यांना विचारलं.

“माझा शब्द धरत नाहीत, साहेब. आणि इतकी वर्षं आरशात हेच बघतोय, आता मलाही सांगता यायचं नाही.”

“त्रास होतो का?”

“त्रास कसला. फोटो चांगले येतात.” खिलाऱ्यांनी कप खाली ठेवला. “नात आहे, चार वर्षांची. सगळ्यांची चित्रं काढते. माझं काढायला बसली की रंगपेटी उघडतच नाही. नुसती पेन्सिल घेते. तेवढंच.”

मग खिलाऱ्यांनी पेटीतून सॅक्सोफोन काढला, तोही करडाच, आणि विचारलं, “वाजवून दाखवू? तेवढाच तुकडा?”

ते चार सेकंद वाजवून थांबले.

डॉ. हळब्यांना ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवली. त्या दिवशी मार्गदर्शकांनी प्रबंध तिसऱ्यांदा परत केला होता. ‘हे नक्की का?’ एवढंच समासात पानोपान लिहून. प्रबंध माळ्यावर टाकायचा आणि शाळेत नोकरी धरायची, असं ठरवून ते शेजारच्या खरकरांकडे टीव्ही पाहायला गेले होते. दारापाशी चपलांच्या ढिगात उभं राहावं लागलं होतं. मग बँड सुरू झाला, आणि एक सॅक्सोफोनवाला डोळे मिटून असा काही मागे झुकला, की आपण चुकलो तर काय, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नसावा. घरी येऊन डॉ. हळब्यांनी चौथा मसुदा सुरू केला होता.

“पाहिलं,” ते म्हणाले. “यांनाच पाहिलं. लिहा. डोकं निळं...”

“अहो, ती खरकरांची काच,” शरयूबाई म्हणाल्या. “टीव्हीपुढे रंगीत प्लॅस्टिकची काच नव्हती का लावली त्यांनी? वर निळी, मध्ये केशरी, खाली हिरवी. बातम्या देणारी बाईसुद्धा निळ्या केसांची दिसायची.”

डॉ. हळबे खुर्चीत मागे टेकले. तेच होतं. डोकं निळं, चेहरा आणि कोट केशरी, पँट आणि बूट हिरवे. आयुष्यात एकदा खात्रीने काही आठवलं, तर ती काच निघाली.

“मग गव्हाळ लिहा,” ते घाईने म्हणाले. “कोट लष्करी, बूट काळे.”

“पाहिलेत का, सर?”

“नाही. असणारच ना पण.”

“मग टिकणार नाही.” जगदाळ्यांनी पेनाचं टोपण लावलं. “एका माणसाला एकच जबाब. आणि दुसरा साक्षीदार नाही.”

डॉ. हळब्यांनी खिलाऱ्यांना सगळं समजावून सांगितलं: काच, तिचे पट्टे, कुठला पट्टा कुठे येत होता. खिलारे लक्ष देऊन ऐकत होते.

“केशरी म्हणजे कसा?”

“पपई कापल्यावर दिसते तसा. चांगली पिकलेली.”

“आणि हे नक्की?”

हा प्रश्न डॉ. हळब्यांना पूर्वी विचारला गेला होता. त्यांनी खिलाऱ्यांच्या करड्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“नक्की,” ते म्हणाले.

“मग लिहा, साहेब.”

“भाऊ, नीट विचार करा,” शरयूबाई म्हणाल्या. “लोक हसतील हो. निळं डोकं घेऊन भाजी आणायला जायचंय तुम्हाला.”

“ताई, अख्ख्या राज्यात मी एकाच माणसाच्या लक्षात राहिलो. त्यांना दिसलो तसा असायला माझी काय हरकत?”

डॉ. हळब्यांनी पाचही रकाने स्वतःच्या हाताने भरले. कुठेही खाडाखोड झाली नाही. जगदाळ्यांनी शिक्का मारला, तसा रंग आला. आधी केसांत निळा, मग चेहऱ्यावरून कोटावर केशरी, आणि पँटवरून हिरवा थेट बुटांच्या नाड्यांपर्यंत. शरयूबाईंनी आरसा आणून दिला. खिलाऱ्यांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली.

“भरपूर आहे,” ते म्हणाले.

“दोन दिवस ऊन टाळा,” जगदाळ्यांनी सांगितलं आणि पोचपावतीवर सही घेतली. जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दोघांना वाट दिली आणि पाण्याच्या टँकरची चौकशी केली.

सहा वर्षांनी खरकरांचा मुलगा जागा विकण्यापूर्वी कपाट आवरत होता. त्याला टीव्हीच्या रंगीत काचेचं हमीपत्र सापडलं, आणि जुन्या वस्तूंचे कागद हळबेकाकांना आवडतात म्हणून त्याने ते आणून दिलं. डॉ. हळब्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, मग हमीपत्रावरच्या दुकानात जाऊन तिथल्या जुन्या वहीशी ताडून पाहिलं. काच ७ नोव्हेंबर १९७७ रोजी विकली गेली होती. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी खरकरांच्या टीव्हीपुढे काहीही लावलेलं नव्हतं.